प्लँक सुरू केलाय, अकरा सेकंदांत थरथर सुटते. कंबरेसाठी नेमकी सुरुवात कुठनं करू?

शाडूमाती (बापट कॅम्प, कोल्हापूर)

रामराम मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

वय ४१. आमचा गणपतीच्या मूर्तींचा व्यवसाय, आजोबांपासूनचा. दिवाळी सरली की काम सुरू, ते गणपती घरोघरी जाईपर्यंत. दिवसाचे नऊ-दहा तास पाटावर बसून नाहीतर वाकून. त्यात आता शाडूच्या मूर्तीला मागणी वाढलीय आणि शाडूची मूर्ती प्लॅस्टरच्या मूर्तीपेक्षा जड असते. ती छातीशी धरून उचलावी लागते, आणि कुठं बोट लागलं की रंग पुन्हा द्यायचा.

कंबरेचं दुखणं २०१९ च्या महापुरापासूनचं. ऑगस्ट महिना, गणपती तोंडावर. पाणी चढायला लागलं तसं एका रात्रीत जमतील तेवढ्या मूर्ती माडीवर नेल्या. पहाटे जिन्यात टेकलो तो उठताच येईना. तेव्हापासून वर्षातनं दोन-तीनदा कंबर धरते. एमआरआय झाला. मणक्यात मोठं काही नाही, कंबरेभोवतीचे स्नायू कमजोर आहेत, व्यायाम करा, एवढं सांगितलं. म्हणून एका जिमला गेलो. पहिल्याच दिवशी तिथल्या पोरानं प्लँक लावला, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ धरायचं, आणि दोन मिनिटं सोडायचं नाही म्हणून डोक्याशी उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मला वाकून चप्पल घालता येईना. तिथं परत गेलो नाही.

आता घरीच सतरंजीवर करतोय. अकरा सेकंद झाले की पोट थरथरतं, पंधराला कंबर खाली जाते. थरथरणं बरोबर का चूक? किती सेकंद करायचं? आणि माझ्यासारख्यानं आधी काय करावं, सरळ प्लँक की दुसरं काही? सीझन सुरू व्हायच्या आत मला हे नीट बसवायचं आहे.

उद्यमनगरी

भावा, तुझं वाचून माझीच कंबर आठवली. मी लेथवर असतो, आठ तास उभा. जॉब उचलताना झटका बसतो तो वेगळाच. उत्तर मला देता यायचं नाही, पण धाग्यावर बसलोय. वाचतो.

पांढरारस्सा

अकरा सेकंद वाईट नाही ओ दादा. माझा मित्र चार मिनिटं करतो आणि रोज स्टेटसला लावतो.

माझा एक प्रश्न यातच विचारून घेतो. प्लँक केला की महिन्याभरात पोट जातं का? रविवारचा तांबडा-पांढरा काही सुटणार नाही, ते आधीच सांगतो.

हौदावरचा

शाडूमाती, तुमच्या आजोबांच्या वेळी बापट कॅम्पातली पोरं तालमीत जायची का नाही विचारा त्यांना. हा प्लँक म्हणजे जोर मारता मारता मध्येच थांबलेला माणूस. आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी तालमींना राजाश्रय दिला, १९१२ ला खासबागेसारखं मैदान उभं केलं. खाशाबा जाधव इथल्या तांबड्या मातीत घडले आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात ब्राँझ घेऊन आले. तेव्हा प्लँक कुठं होता? जोर, बैठका, सपाटे, हौद उकरणं, मलखांब. एवढ्यानं कंबर लोखंडासारखी होते. मी आज बासष्टीचा आहे, रोज पन्नास जोर मारतो.

माझं सरळ मत आहे. घरात सतरंजीवर थरथरत पडण्यापेक्षा तालमीत या, पंधरा जोरांपासून सुरू करा.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरातच प्रॅक्टिस करते. शाडूमाती, तुमचा प्रश्न नीट मांडलेला आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी तुम्हाला तपासलेलं नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

आधी थरथरीचं. स्नायू थकत आले की मेंदू त्यातले जास्तीत जास्त तंतू कामाला लावतो, ते एका लयीत ओढत नाहीत, म्हणून थरथर होते. तिला घाबरू नका. घाबरायचं ते तुम्ही पुढं लिहिलंय त्याला: "पंधराला कंबर खाली जाते". कंबर खाली गेली त्या क्षणी पोटानं काम सोडलं आणि शरीराचं वजन कंबरेच्या मणक्यांच्या मागच्या सांध्यांवर लटकलं. जिममध्ये दोन मिनिटांतली पावणेदोन मिनिटं तुम्ही तसेच लटकला असाल. म्हणून दुसऱ्या दिवशी चप्पल घालता आली नाही. तेव्हा तुमचा प्लँक आज अकरा सेकंदांचाच आहे, पंधराचा नाही. आणि अकराही जास्त आहेत. आठला थांबा.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी अनेक वर्षं पाठीच्या कण्यावर काम केलं. कंबरदुखीच्या लोकांना ते लांबलचक होल्ड देत नाहीत. दहा सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं, आणि दर फेरीला संख्या कमी करत जायची. पाच वेळा, मग थोडी विश्रांती, मग तीन वेळा, मग एकदा. थकलेल्या स्नायूनं चुकीची सवय लागू नये हा त्यातला मुद्दा. मी माझ्याकडच्या लोकांना हेच देते आणि त्यांच्यात फरक पडलेला पाहते.

आता सुरुवात. तुम्ही जमिनीवरच्या पूर्ण प्लँकनं सुरू केलंत, ती पाचवी पायरी आहे. पहिली पायरी भिंत. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून दोन्ही कोपरं खांद्यांच्या उंचीवर भिंतीला टेकवा, मग पाय आणखी थोडे मागं न्या. डोक्यापासून टाचेपर्यंत एक रेघ. ढुंगण आवळा, बरगड्या खाली ओढा, आणि बोलता येईल इतपत श्वास चालू ठेवा. हे सोपं वाटलं की स्वयंपाकाचा ओटा, त्याच्यावर कोपरं. मग पलंगाची कड किंवा बाक. आधार जितका खाली, तितकं वजन जास्त. त्यानंतर जमिनीवर, पण गुडघे टेकवून. आणि मग पूर्ण प्लँक. प्रत्येक पायरीवर दहा सेकंदांच्या पाच फेऱ्या न हलता झाल्या की पुढं. कुणाला चार दिवस लागतील, कुणाला तीन आठवडे.

तपासायला घरातली काठी घ्या. कुणाला तरी ती पाठीवर आडवी न ठेवता लांबीनं ठेवायला सांगा. डोक्याची मागची बाजू, दोन खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकली पाहिजे. माकडहाडाकडची टेकायची थांबली, की तुमचा वेळ संपला. घड्याळ बघायचंच नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं. पायात मुंग्या, पाऊल उचलायला जड, लघवी-संडासवरचा ताबा कमी होणं, यातलं काहीही झालं तर व्यायाम नको, त्याच दिवशी दवाखाना.

सांधेजोड

@पांढरारस्सा, नाही जात. एका जागचे स्नायू वापरले म्हणून त्या जागची चरबी वितळत नाही. मिनिटभर प्लँकला जेमतेम तीन-चार कॅलरी लागतात. प्लँकमुळे पोट आत धरून उभं राहायची सवय लागते, त्यामुळे ते थोडं कमी दिसतं, एवढं खरं. पोट कमी करायला दिवसभराचं चालणं आणि ताटातला हिशोब. रविवारचा रस्सा ठेवा, सोमवारची मिसळ सोडा.

पांढरारस्सा

सोमवारची मिसळ! मॅडम, तुम्ही आमच्या घरावर पाळत ठेवलीय काय?

रंकाळाप्रदक्षिणा

वा, किती छान समजावलंत. मी निवृत्त शिक्षिका, वय ५८. रोज सकाळी रंकाळ्याला चालतो. आम्हा पाच-सहा जणींचा गट आहे. मी ओट्यावरचा प्लँक वर्षभर करतो, मला त्याला प्लँक म्हणतात हेच माहीत नव्हतं. सुनेनं शिकवला. सकाळी कुकर लावला की दोन शिट्ट्यांच्या मध्ये जेवढा होईल तेवढा. आधी एका शिट्टीला दोनदा थांबावं लागायचं. आता एकदा.

फरक कुठं पडला ते सांगतो. अंबाबाईच्या देवळात प्रदक्षिणा घालताना पायरीवर तोल जायचा, म्हणून मी लेकीचा हात धरत होतो. आता धरत नाही. कंबर दुखायची थांबली असं मी म्हणणार नाही, पण घागर उचलताना आता "आई गं" म्हणत नाही.

मुळामुठा

बाई, एक विचारू? तुम्ही शिक्षिका, ५८ वर्षांच्या, आणि "चालतो", "करतो" कसं काय? मी पुण्याचा. दुसऱ्या कुणी तुमचं खातं वापरलं की काय असं वाटलं.

रंकाळाप्रदक्षिणा

अहो, कोल्हापूरच्या बायका आम्ही. माझी आई "मी जातो", आजी "मी आलो" असंच म्हणायची. वर्गात मुलांना मी पुस्तकातलं व्याकरण शिकवलं, आणि घरी येऊन "दमलो बाई" म्हटलं. दोन्ही माझंच आहे.

उद्यमनगरी

बाईंना शंभर मार्क! कोल्हापुरात येऊन बघा, घराघरात ऐकायला मिळंल. आता प्लँककडं चला.

गोधडी

सांधेजोड ताई, मला बाळ होऊन पाच महिने झाले. नॉर्मल डिलिव्हरी, कागलला माहेरी आहे. पोट सैल पडलंय आणि बाळाला पाळण्यातनं उचलताना कंबरेत कळ येते. हा धागा वाचून काल गुडघ्यावरचा प्लँक करून बघितला. तर पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वरखाली, उभा उंचवटा आला. वळकटीसारखा. दुखलं नाही, पण भीती वाटली. आई म्हणते पोटपट्टा बांध, बाकी काही करू नकोस.

सांधेजोड

गोधडी, बरं झालं विचारलंस. थांब, प्लँक सध्या करू नकोस. गरोदरपणात पोटाच्या पुढच्या दोन उभ्या स्नायूंमधला जोडपट्टा ताणला जातो. तो अजून घट्ट झालेला नसला की जोर पडल्यावर मधोमध असाच उंचवटा येतो. यात तुझी चूक काही नाही, बऱ्याच जणींना होतं.

उताणी झोप, गुडघे वाकव, डोकं जरासं उचल आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून बघ, किती बोटांची फट लागते. दोन बोटांपेक्षा जास्त असेल किंवा आत मऊ खोल लागत असेल, तर तुमच्या स्त्रीरोग डॉक्टरांना दाखव आणि बाळंतपणानंतरचं काम करणाऱ्या फिजिओकडे जा. तोपर्यंत एवढंच: उताणं झोपून लांब श्वास सोड, सोडताना लघवी रोखतो तसं खालून वर आवळ आणि बेंबी हलकेच आत घे. ते धरून एक टाच जमिनीवरनं घसरवत पाय लांब कर, परत आण. मग दुसरा. उंचवटा आला की तिथंच थांब. आणि बाळाला उचलताना श्वास सोडत सोडत उचल, कोंडून नाही.

आईंचा पट्टा आधार देतो, त्यांना नावं ठेवू नकोस. फक्त पट्टा बांधल्यानं स्नायू स्वतः काम करायला शिकत नाहीत, ते आपल्यालाच शिकवावं लागतं.

गोधडी

ताई, डोळ्यात पाणी आलं. बाळाचं सगळे विचारतात, माझ्या पोटाचं कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. आज मोजलं, तीन बोटं आहेत. सोमवारी डॉक्टरांकडे जाते.

सैनिकटाकळी

जय हिंद. आमच्या गावात घरटी एकतरी फौजी. मी मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या वेळी पीटीत सिटअपच सिटअप. पन्नास, साठ, पायावर जोडीदार बसलेला. आता जगभर सिटअप मागं पडत चाललेत. अमेरिकी लष्करानं त्यांच्या शारीरिक चाचणीत २०२२ पासून पोटाच्या ताकदीसाठी प्लँक ठेवलाय. कारण मला पटतं. शिपायाला पाठीवर ओझं घेऊन कंबर न मोडता चालायचं असतं. पोटात दुमडून उठायचं काम रणांगणात कुणाला पडत नाही.

माझा प्रश्न बीपीचा. गोळी चालू आहे. वाचनात आलं की असे एका जागी धरून ठेवायचे व्यायाम बीपीला चांगले. खरं का? की बीपीवाल्यानं लांब राहावं? गावातल्या दोघांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या.

सांधेजोड

सुभेदार साहेब, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. चालणं, वजनं उचलणं वगैरे सगळ्या प्रकारांत विश्रांतीच्या वेळचं बीपी सगळ्यात जास्त कमी झालं ते असे स्थिर धरायचे व्यायाम करणाऱ्यांचं, सरासरी वरचं ८ आणि खालचं ४ इतकं. त्यातही भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं वरचढ ठरलं. पण हा फायदा काही आठवडे नियमित केल्यावरचा. प्रत्यक्ष धरून असताना बीपी वर चढतं, आणि श्वास कोंडला तर फार चढतं. फौजी माणूस दात-ओठ खाऊन श्वास कोंडतो, म्हणून मुद्दाम सांगते.

तुम्ही डॉक्टरांना विचारून, बीपी आटोक्यात असतानाच, भिंतीच्या प्लँकपासून सुरू करा. मोठ्यानं एक ते दहा म्हणत धरा. बोलत असलात की श्वास कोंडता येत नाही.

सैनिकटाकळी

मोठ्यानं मोजायचं ना? तीस वर्षं तेच केलंय. डॉक्टरांची तारीख घेतली.

हौदावरचा

मॅडम, तुमचं सगळं वाचलं, दोनदा. माझं एक म्हणणं अजून आहे. तुम्ही माणसाला जागच्या जागी थांबायला शिकवता. कुस्तीत कुणी जागच्या जागी थांबत नाही. जोरात माणूस खाली जातो, छाती पुढं काढतो, वर येतो, अंग सगळं वापरतो.

सांधेजोड

वस्ताद, जोराला माझा विरोध नाही, माझे वडीलही मारायचे. पण खाली जाताना ज्याची कंबर आधीच खाली लोंबते, तो जोर मारताना रोज पन्नास वेळा कंबर मोडून घेतो. तुमच्या तालमीतल्या नव्या पोरांना जोराच्या सुरुवातीला नुसतं थांबवून बघा, हात सरळ, पाय मागं, अंग सरळ. तीस सेकंद. किती जणांची कंबर टिकते ते मला सांगा.

पेठेचा गोलकीपर

हे बरोबर आहे. आमच्या पेठेच्या संघात शाहू स्टेडियमवर सीझन खेळतोय, दोन वर्षांपूर्वी जांघ ताणली गेली. पायाचे व्यायाम करून करून दमलो, बरं होईना. शेवटी एकानं बाजूचा प्लँक लावला, एका कोपरावर आडवं. उजवीकडं वीस सेकंद, डावीकडं सहाच! त्याच बाजूची जांघ गेली होती. डावी-उजवी सारखी करायला दोन महिने लागले. परत दुखलं नाही.

मुळामुठा

मी कॉम्प्युटरसमोर दहा तास. एका कोपरावरचा प्लँक सरळ जमतच नाही, खांदा दुखतो. सोपा प्रकार आहे का त्याचा?

पेठेचा गोलकीपर

गुडघे वाकवून कर. खालचा गुडघा जमिनीवर टेकव, वजन गुडघ्यावर आणि कोपरावर. कोपर बरोबर खांद्याच्या खाली पाहिजे. ते पुढं गेलं की खांदा दुखतोच. तेही जमलं नाही तर भिंतीला आडवं टेकून उभ्यानं कर.

गुऱ्हाळघर

आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ हाय. काहिल उतरवायची म्हणजे चार गडी लागत्यात, रस उकळता असतोय. माझा बा सांगायचा, "आधी प्वाट आवळ, मग हात लाव." तेवढंच. त्याला प्लँक कधी म्हाईत न्हवता. पण सत्तराव्या वर्षापतोर त्याची कंबर गेली न्हाय. आनी आता नवी पोरं येत्यात, जिमची, दंड हे एवढं. पहिल्याच हंगामात कंबर धरून बसत्यात. हात आधी लावत्यात, प्वाट आवळायचंच ऱ्हातंय.

शाडूमाती भाऊ, तुमची मूर्ती न् आमची ढेप, दोन्ही छातीशी धरून उचलायच्या. तुमी उचलताना काय करता, त्ये बघा आधी.

शाडूमाती

गुऱ्हाळघर, तुमच्या वडिलांचं वाक्य मी कारखान्यात भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. खरंच मी हात आधी लावतो. मूर्तीचं नाक-सोंड सांभाळायच्या नादात लक्ष सगळं बोटांत असतं आणि पोट लोंबतं.

मॅडम, भिंतीपासून सुरू केलं. पहिल्या दिवशी हे फार सोपं आहे असं वाटलं, पण तुम्ही सांगितलं तसं ढुंगण आवळून, बरगड्या ओढून धरलं तर भिंतीलाही सातव्या सेकंदाला घाम फुटला. मुलगी काठी धरते. "बाबा, खाली टेकत नाही" म्हणून ओरडते. पाटावर मूर्ती घडवतानाही आता तिचा आवाज कानात येतो.

उद्यमनगरी

मी पण लावलाय भिंतीला, शॉपमध्ये. जेवणाच्या सुट्टीत. आधी दोघं होतो, आता सहा जण. एकजण मोठ्यानं मोजतो. मालकानं विचारलं भिंत पाडताय काय रे. मग तेही लागले.

पांढरारस्सा

बातमी वाचली, कॅनडाच्या एका निवृत्त उपमुख्याध्यापिका बाईंनी २०२४ मध्ये साडेचार तास प्लँक केला. वय ५८! डोनाजीन वाइल्ड नाव. रंकाळाप्रदक्षिणा बाई, तुमच्याच वयाच्या. नाद करायचा का?

रंकाळाप्रदक्षिणा

साडेचार तासांत माझ्या कुकरच्या किती शिट्ट्या होतील रे बाळा! त्या बाईंचं कौतुक आहे, मनापासून. पण मला दोन शिट्ट्या पुरतात. मला नातवाला कडेवर घेऊन जोतिबाच्या पायऱ्या चढायच्या आहेत.

हौदावरचा

चार दिवसांनी लिहितो. मॅडमनी सांगितलेलं करून बघितलं. सकाळी तालमीत नवी अकरा पोरं होती. जोराच्या तयारीला उभं करून तीस सेकंद थांबवलं. चौघं टिकली. सातांची कंबर बसली, त्यातली दोघं अशी की ती दीड महिना जोर मारतात आणि मी कधी बघितलं नाही. माझीच चूक. मी आकडे मोजत होतो, कंबर बघत नव्हतो.

आता जोराच्या आधी तीन वेळा दहा-दहा सेकंद थांबवतो. आणि मॅडम, कुस्तीत कुणी थांबत नाही म्हणालो ते मागं घेतो. खाली सापडलेला पैलवान वरचा पलटी घ्यायला बघतोय तेवढा वेळ जागेवर टिकतो, ते कंबर धरूनच. कंबर सोडली की तो चीत. हे मी चाळीस वर्षं सांगतोय, पण प्लँकशी जोडलं नव्हतं.

सांधेजोड

वस्ताद, हे वाचून दिवस चांगला गेला. पोरांना एक वाढीव द्या: थांबताना तळव्यांनी जमीन पायांकडं ओढल्यासारखी करायची. हात हलत नाहीत, पण पोट दुपटीनं आवळतं. तीस सेकंद लागत नाहीत, दहात पुरे होतं.

गोधडी

कळवायचं राहिलं. डॉक्टरांनी फिजिओकडं पाठवलं. पाच आठवडे झाले, तीन बोटांची दोन झाली. टाच घसरवणं, मग उताणं झोपून समोरासमोरचा हात-पाय लांब करणं, इथपर्यंत आलेय. आता ओट्यावरचा प्लँक सुरू करायला सांगितलाय. बाळ आता उलटं होऊन स्वतःच हात टेकवून छाती उचलतं. आई म्हणते, बघ, त्याला कुणी शिकवलं?

शाडूमाती

दोन महिने होत आले, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भिंत आठ दिवस, ओटा तीन आठवडे, बाक दोन. आता जमिनीवर गुडघे टेकवून पाच-तीन-एक होतं, आणि आठवड्यातनं दोनदा पूर्ण प्लँक, दहा सेकंदांचा. त्याच्यावर जात नाही. जावंसं वाटतं, पण मुलगी काठी घेऊन बसलेली असते. कोपरं सोलली होती, म्हणून सतरंजीवर घोंगडं दुमडून टाकलं. कुणाची सोलत असतील तर करून बघा.

काल अडीच फुटी शाडूचा गणपती पाटावरनं रॅकवर ठेवला. आधी पोट आवळलं, मग हात लावला. श्वास सोडत उचलला. सहा वर्षांत पहिल्यांदा असं झालं की मूर्ती ठेवल्यावर मी कंबरेवर हात ठेवला नाही. बायकोच्या ते लक्षात आलं, माझ्या नाही.

कंबर एकदा धरली मध्ये, ते खोटं सांगणार नाही. दोन दिवस. पण आधी आठ-दहा दिवस जायचे.

एकच अडलंय. गोलकीपर म्हणाला तो बाजूचा प्लँक गुडघ्यावर सुरू केला. डावीकडं आठ श्वास टिकतो, उजवीकडं पाचच. मूर्ती मी कायम डाव्या कुशीला धरून जिना चढतो, त्यामुळं असेल का? आणि आता डावीकडं थांबू का, उजवी येईपर्यंत?

सांधेजोड

कारण तेच असेल का, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. डावी थांबवू नका. रोज सुरुवात उजवीनं करा, ताजे असताना. उजवीला जेवढे श्वास होतील तेवढेच डावीला घ्या, जास्त जमत असले तरी पाचच. शेवटी उजवीची एक फेरी जादा. आणि जिना चढताना मूर्ती एकदा या बाजूला, एकदा त्या.

गुऱ्हाळघर

न्हायतर दोघांनी धरा. सीझनला हाक मारा, येतो.